सहा डोळ्यांचा राखणदार

बारा वाजले आणि लाउडस्पीकरमधून राखणदार बोलू लागला. बुडबुड, फस्स, बुडबुड. दहिसरच्या त्या बैठ्या चाळीच्या चौकात शंभर-दीडशे माणसं पाण्याच्या बाटल्या घेऊन, हात जोडून उभी होती.

"बा राखणदारा म्हाराजा," मार्तंडबुवाने गाऱ्हाणं घातलं, "तुझो वड तोडलो, म्हणान तू सहदेव गावड्याच्या बॅटरीत वस्ती केलस. तुझे सहा डोळे लाल झाले. लेकरां पाणी घेवन इली हत, तां गोड मानून घे."

"होय म्हाराजा," गर्दी म्हणाली.

बॅटरी चौकातल्या घुमटीतल्या, राखणदाराच्या छोट्या देवळीतल्या, दिव्यांसाठी बसवलेली, सहदेवच्या आतल्या खोलीत. सोलर पॅनल त्यांच्याच पत्र्यावर. तिच्यात ओतलेलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी नाहीसं व्हायचं. मोबाइल कोणता घ्यावा यावर तासभर वाद घालणारी ही माणसं. पण बॅटरी पाणी का पिते, हे एकानेही विचारलं नाही.

त्या खोलीत, बाहेरून कडी लावून, सहदेवची सून सुगंधा बसवलेली होती. सातवा महिना. गेल्या वर्षी एक मूल पोटातच गेलं होतं. यंदाचं राखणदाराच्या सावलीत राहिलं तर तो राखील, नाहीतर... असं बुवा म्हणाला होता. 'नाहीतर'च्या पुढचं त्याने कधी सांगितलं नाही आणि सासऱ्यांना तेवढं पुरेसं होतं. अकरा दिवस, सकाळी अकरा ते दुपारी चार. देवाचा श्वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीच्या फटी टेपने बंद केलेल्या. बॅटरीशेजारी समई, बॅटरीवर बुवाचा माइक. आज पाचवा दिवस.

सडक्या अंड्यासारखा वास येत होता, घसा खवखवत होता. सुगंधाने लग्नाआधी तीन वर्षं सीप्झमधल्या एका कारखान्यात चार्जर तपासले होते. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "बाबा, ही बॅटरी जास्त चार्ज होतेय."

"देवाक शिकवू नको," सहदेव म्हणाले होते. नवरा, निलेश, मोबाइलमध्ये बघत राहिला होता.

पॅनलचा करंट बॅटरीला बेताने पोचवणाऱ्या, भिंतीवरच्या कंट्रोलरला बुवाने लाल फडकं गुंडाळलं होतं. ते सोडून तिने परवा त्यावरचं बॅटरीच्या प्रकाराचं सेटिंग बदलून पाहिलं. फरक शून्य. काल दोन तास ढग होते, तेव्हा देव गप्प. बुवा म्हणाला, मौनव्रत. आता कंट्रोलरवर 'बॅटरी भरली' सांगणारा हिरवा दिवा लागला होता आणि बॅटरी तरी उकळतच होती. म्हणजे कंट्रोलरच्या आतला स्विच जळून चिकटलेला. करंट थांबवणारं कोणी उरलंच नव्हतं.

तिची नजर समईकडे गेली. तिने फुलाने वात दाबली, टेप ओरबाडून काढली, खिडकी सताड उघडली. मग माइक उचलून खिडकीपाशी आली.

"निलेश, पत्र्यावर चढ आणि पॅनलवर गोधडी टाक."

चौकातली डोकी खिडकीकडे वळली. बुवा ओरडला, "बाईच्या अंगात आलंय. कडी काढू नका."

"अंगात काही नाही, पोटात तुझं मूल आहे," ती निलेशला म्हणाली. "जा रे."

तिने माइक पुन्हा बॅटरीवर ठेवला. निलेशने वडिलांकडे पाहिलं. मग दोरीवरची गोधडी ओढली आणि शिडी चढला.

गोधडी पडली आणि मिनिटा-दोन मिनिटांत राखणदाराचा आवाज बसला. तिने सांगितलं तशी त्याने ती काढली, पुन्हा बुडबुड. टाकली, गप्प. तीनदा झालं. चौथ्यांदा गर्दीच म्हणाली, "टाक रे."

"सूर्यनारायणाला झाकलं की देव रुसणारच," बुवा चाचरला.

"देव गोधडीला घाबरतो होय?" सुगंधा म्हणाली. "ऐका. बॅटरी भरली की पॅनलचा करंट थांबवणं हे कंट्रोलरचं काम. तो बिघडलाय. जादा करंट पाण्याचे दोन वायू करतो, म्हणून बुडबुडे, म्हणून पाणी संपतं. डोळे म्हणताय ती पाण्याची पातळी दाखवणारी बुचं आहेत, पाणी उतरलं की लाल दिसतात. आणि त्यातला एक वायू ठिणगीने भडकतो. बंद खोलीत, समईशेजारी, तुम्ही मला बसवलंय."

सगळ्यांना कळलं. तरी कडीला हात लावायला कोणी पुढे येईना. बुवा मात्र गर्दीतून वाट काढत चौकाबाहेर निघाला. शेवटी निलेशच पत्र्यावरून उतरला आणि त्याने दार उघडलं. त्याच्याने तिच्याकडे बघवत नव्हतं.

"महिन्यापूर्वी मेकॅनिक आला होता," तो म्हणाला. "कंट्रोलर गेलाय, बदला, म्हणाला. बुवाने त्याला हाकललं आणि फडकं बांधलं. मी तिथेच होतो."

"तुला माहीत होतं?"

"बाबांना काय वाटेल, म्हणून..."

सुगंधाला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. उंबरा ओलांडून ती चौकात आली. सहदेव मान खाली घालून उभे होते.

"देवाला हात जोडा, मी नाही म्हणत नाही," ती सगळ्यांना म्हणाली. "पण पाणी जातं कुठे, हे आधी विचारा. बुवा खोटं बोलला, ते त्याच्या पोटासाठी. तुम्ही गप्प बसलात, तेवढ्याने माझा जीव गेला असता."

या वेळी 'होय म्हाराजा' कोणी म्हणालं नाही.