लांब पल्ल्याची गाडी

“तू हिला पळवत नाहीस,” गाडीखालून सरपटत बाहेर येत डेक्लन म्हणाला. “हेच हिचं दुखणं.”

संजीव गॅरेजच्या दारात मास्क सारखा करत उभा होता. फेब्रुवारीतला बोचरा वारा विमानतळाकडून येत होता. विमानांचा आवाज मात्र वर्षभर जवळजवळ नव्हताच. डब्लिनजवळच्या स्वोर्ड्समध्ये राहून एवढी शांतता त्याला अजून सोसत नव्हती.

“डिझेल आहे ना. धूर गाळायचा फिल्टर काजळीनं भरतो. मोटरवेवर अर्धा तास दामटली की काजळी आपोआप जळून जाते. तू नेतोस दुकानापर्यंत आणि आणतोस परत. मग घुसमटणारच ती.”

“लॉकडाऊनमध्ये पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी आहे.”

“ते मला नको, मंत्र्यांना सांग,” डेक्लन हसला आणि चिंधीला हात पुसू लागला. “या वेळी साफ करून देतो. पुढच्या वेळी नवाच टाकावा लागेल. आणि खरं सांगू? तेवढी आता हिची किंमतही नाही.”

गाडी संजीवनं हौसेनं घेतली नव्हती. माधवी, त्याची बायको, ब्युमॉन्टला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कंत्राटावर होती. कायमची जागा निघाली ती थेट स्लायगोला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. ती गेली. नऊ वर्षांच्या मुक्ताची शाळा आणि संजीवचं ऑफिस इकडे, म्हणून बापलेक स्वोर्ड्सलाच राहिले. “ट्रेननं या, सोपं पडेल,” असं माधवीनं सांगितलं होतं. संजीवनं ऐकलं नाही. “गाडी असली की मनात आलं की निघता येतं गं,” म्हणत त्यानं २०२० च्या जानेवारीत ही आठ वर्षांची राखाडी, छोटी एसयूव्ही घेतली. विकणाऱ्यानं बॉनेटवर थाप मारून ग्वाही दिली, लांबच्या पल्ल्याला घोडा आहे घोडा. त्यात खोटं काही नव्हतं. पण मार्चमध्ये देशच बंद झाला.

कामाचं पत्र दाखवून माधवीला घरी येता आलं असतं. पण दिवसभर कोविडचे नमुने हाताळायची ती, आणि मुक्ताला दमा. “माझ्या अंगावरून काही आलं तर?” म्हणत ती आलीच नाही. उन्हाळ्यात रस्ते उघडले तेव्हा तीन-चार शनिवार-रविवार बरे गेले. मग गिअर टाकताना गाडी थडथडायला लागली. क्लच आणि त्याच्या मागचं जड चाक, दोन्ही गेलं होतं. तो खर्च केला. पाठोपाठ टायर. लायसन्स नवं म्हणून विमा दामदुप्पट. दर वेळी संजीव स्वतःला समजवायचा, एवढं केलंय तर आता सोडून कशी द्यायची?

“तुझं ऑफिस तर जेवायच्या टेबलावर आलंय,” माधवी फोनवर म्हणाली होती. “इकडेच या ना दोघं.”

“ऑफिस कधीही परत बोलवेल गं. बघू, थोडं थांबू.”

तिनं आणखी एकदा विचारून पाहिलं. त्यानंतर विचारलं नाही. फोनवर मुक्ताचा अभ्यास, मुक्ताचं जेवण एवढंच बोलणं उरलं आणि ते संपलं की दोघंही पडद्यावर एकमेकांकडे नुसती बघत राहायची.

गॅरेजमधून गाडी आणली त्या दुपारी संजीवनं मुक्ताला मागे बसवलं. पाच किलोमीटरच्या आतल्या आत, एकाच रस्त्यावरून तो येरझारा घालत राहिला. खालच्या गिअरमध्ये, इंजिन भणभणेपर्यंत.

“बाबा, व्हेअर आर वी गोइंग?”

“कुठे नाही गं. गाडीला जरा फिरवतोय.”

आरशात त्याला तिचा चेहरा दिसला. तिनं खिडकीला डोकं टेकलं.

मे महिन्यात दुसऱ्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जायची मोकळीक मिळाली. मुक्ताची परीक्षा, माधवीच्या ड्युट्या, सगळं जमून यायला जून उजाडला. शुक्रवारी दुपारी लवकर जेवून ते निघाले. मोटरवेवर गाडी कशी लोण्यासारखी चालली! संजीव कितीतरी दिवसांनी गुणगुणत होता. लाँगफर्ड मागे पडलं आणि डॅशबोर्डवर फिल्टरचा पिवळा दिवा लागला.

“बाबा, इट्स दॅट लाइट अगेन.”

“असू दे. ग्रँड आहे, ठीक आहे सगळं.”

पण ग्रँड नव्हतं. गाडीतली ताकद कुणीतरी काढून घ्यावी तसं झालं. पाय पार तळाला टेकला तरी वेग चढेना. मागचे ट्रक हॉर्न देऊ लागले. कॅरिक गावाच्या अलीकडे चढावर जळका वास आला, तेव्हा त्यानं गाडी कशीबशी कडेला घेतली. परत सुरू करायला गेला तर नुसती खोकली.

त्यानं आधी टोवाल्यांना फोन केला, मग माधवीला.

माधवी तिनं तिकडे घेतलेल्या छोट्याशा लाल गाडीतून तासाभरात पोचली. मुक्ता धावत जाऊन तिला बिलगली. माधवीनं केस कापले होते. फोनवर ते कळलं नव्हतं.

मुक्ताला लाल गाडीत बसवून दोघं रस्त्याच्या कडेच्या गवतात उभी राहिली.

“मुक्ताला मी ठेवून घेते,” माधवी म्हणाली. “दोन दिवसांसाठी नाही. सप्टेंबरपासून इथल्याच शाळेत. मी बोललेय त्यांच्याशी. माझ्या ड्युट्याही आता दिवसाच्या झाल्यात.”

“मला न विचारता?”

“सांगणारच होते आज. रात्री जेवताना.”

संजीवनं घरघरत जाणाऱ्या एका ट्रककडे पाहिलं. “मीपण येतो. काम अजून घरूनच आहे. ही विकून टाकतो, भंगारात का होईना.”

“हे मी तुला दोनदा म्हणाले होते, संजीव. तेव्हा तू क्लच बदलत होतास.”

“आता येतोय ना.”

“आता मला एकटीची सवय झालीय.” तिचा आवाज चढला नाही. “तुझ्यावर राग नाही माझा. खरंच नाही.”

राग असता तर बरं झालं असतं. रागाशी निदान भांडता आलं असतं.

त्यानं मुक्ताची बॅग काढून लाल गाडीत ठेवली. खिशातून इनहेलर काढून माधवीच्या हातात दिला. “झोपायच्या आधी दोन पफ. नंतर चूळ भरायला लाव, विसरते.”

“माहितेय मला.”

“हो. तुला माहितेय.”

मुक्तानं काच खाली केली. “बाबा, आर यू नॉट कमिंग?”

“गाडीपाशी कुणीतरी थांबायला हवं, बेटा.” त्यानं तिच्या खांद्यावरचा पट्टा ओढून नीट बसला आहे का ते पाहिलं. लाल गाडी वळली, चढावर गेली आणि दिसेनाशी झाली.

टो ट्रक आला तेव्हा आभाळ भरून आलं होतं. ड्रायव्हर पन्नाशीचा, गप्पिष्ट माणूस. राखाडी गाडी साखळीनं वर ओढता ओढता म्हणाला, “दुरुस्त करणार हिला?”

“नाही.”

“शहाणा आहेस.” त्यानं केबिनचं दार उघडलं. मधल्या सीटवर लहान मुलांना उंच बसायला लागते ती गादी मांडून ठेवलेली होती. “लहान मुलगी आहे म्हणालास ना फोनवर? कुठाय ती?”

“आईबरोबर गेली.”

“ग्रँड. मग ती गादी मागे टाक आणि ऐसपैस बस.”

संजीव वर चढला. गादी त्यानं मागे टाकली नाही. मांडीवर घेतली, वरून पट्टा लावला आणि डब्लिन येईपर्यंत ड्रायव्हरच्या गप्पांना हं, हं करत राहिला.