उरलेली पट्टी

गुडघा बिघडल्यापासून कवळीवाल्याचा पाय घरात ठरत नव्हता, आणि घराबाहेर टाकायचा तर बसमध्येच.

दातांच्या कवळ्या बनवणं हा त्याचा धंदा. लोकांना नवे दात द्यायचे आणि स्वतःचे सांधे झिजवायचे, असा सगळा उलटा कारभार. सायकल क्लबात त्याला घोरपड म्हणत, कारण चढाला एकदा चिकटला की सुटत नसे. चढावर पाय टेकायचा नाही, हा क्लबाचा एकुलता एक कायदा. तो त्याने इतका मनावर घेतला, की लॅबकडे जाणाऱ्या त्या उभ्या चढावर गुडघा ठणकत असतानाही वर्षभर न उतरता चढत राहिला. शेवटी डॉक्टरांनी फोटो दाखवला. आतली गादी पार झिजली होती. पायाने जोर लावायचा नाही, म्हणाले.

तेव्हापासून बस. बसमध्ये हा गृहस्थ बसे, उठे, पुन्हा बसे, आणि खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याने चुकीचा गिअर टाकलाय म्हणून चडफडे. घरी आला की उगाच कपाटं उघड, डबे हलव, पंखा कमीजास्त कर.

"अहो, एका जागी बसा हो घडीभर," बायको म्हणाली. "तुमच्याकडे बघून मला भोवळ यायला लागली."

"सायकलला मोटर बसवतो," तो म्हणाला. "चढावरचा जोर मोटरचा, मी नुसते पाय फिरवणार."

बायको ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती, उगाच हो म्हणणारी नव्हे. "बसवा. पण रोज संध्याकाळी मी गुडघा दाबून बघणार. सुजलेला सापडला, तर सायकल भाच्याला द्यायची. मग तोंड पाडून बसायचं नाही."

भाच्याचा त्या सायकलवर केव्हापासून डोळा होता.

किट आलं. पोटात मोटर असलेलं मागचं चाक, बाटलीच्या जागी बसणारी बॅटरी, वायरींचं भेंडोळं. सुट्टीच्या दिवशी त्याने बाहेरच्या खोलीत जुनी चादर पसरली आणि कामाला लागला. नवं चाक उचलताच मात्र त्याचा चेहरा उतरला. केवढं ते वजन! या माणसाने लांबच्या फेरीवर न्यायच्या टूथब्रशचा दांडा कापून टाकला होता, स्क्रूंची डोकी कानशीने घासून हलकी केली होती. स्वयंपाकघरातला वजनकाटा तर कधीच सायकलच्या सामानात जमा झालेला. आता बॅटरी हलकी करता येईना, मोटर हलकी करता येईना. सगळा राग निघाला तो एका बोटभर लोखंडी पट्टीवर. मोटरने जोर केला की चाकाचा अ‍ॅक्सल, म्हणजे मधला दांडा, जागच्या जागी फिरू नये, म्हणून तो फ्रेमशी जखडून ठेवणारी ती पट्टी. त्याने ती काट्यावर ठेवली, नाक मुरडलं आणि बाजूला सारली. नट आवळून बसवले की झालं.

"ही उरली कशी?" चादर उचलताना बायकोने विचारलं.

"जास्तीची असेल."

"आमच्याकडे साधा कापसाचा बोळा मोजणीत चुकला, तर पेशंटला टेबलावरून हलवत नाहीत."

"अगं, सायकल आहे ती. तिचं काय पोट शिवायचंय?"

तिने पट्टी उचलून पर्समध्ये टाकली.

सकाळी त्याने कपाटातून रेसचे बूट काढून पायात चढवले. त्यांच्या तळाला पेडलमध्ये खटकन अडकणारे प्लास्टिकचे नाल होते. बूट जुने, पण नाल कोरे, कारण लॅबच्या दारात तो चपला घालायचा आणि या बुटांवर कधी चालायचाच नाही. सपाटीवर त्याला शीळ घालावीशी वाटली. चढ लागला तशी मोटर घुमली आणि सायकल अशी सुटली, की त्याने बसलाही मागे टाकलं. इतक्या दिवसांची सगळी तगमग एकदम निवली. गाणं म्हणायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

अर्ध्या चढावर त्याने मोटरला पूर्ण जोर दिला. खाडकन आवाज झाला. अ‍ॅक्सल गर्रकन फिरला, वायर पिळवटून तुटली, चाक तिरकं होऊन फ्रेमला घासायला लागलं. तो उतरला. दुरुस्तीसाठी पाय टेकला तर क्लबात चालतं. पाना काढला, चाक सरळ केलं, नट आवळले. चाक फिरायला लागलं, पण मोटर मेली होती.

उरलेला चढ समोर उभा होता. तो पुन्हा बसला, पेडल दाबलं. गुडघ्यात कळ गेली. आणखी एकदा दाबलं. मागून ती मघाची बस आली आणि खिडक्यांतून माणसं बघायला लागली. दात आवळून त्याने तिसऱ्यांदा पाय खाली रेटला, आणि संध्याकाळी गुडघ्यावर फिरणारा बायकोचा अंगठा त्याच्या डोळ्यांपुढे आला. भाचाही आला.

तो उतरला. या वेळी दुरुस्तीला काही नव्हतं. ते धूड ढकलत, नाल खटखट वाजवत तो चढायला लागला. त्याला लाज वाटली, आणि मग रडू आलं, खरंच आलं. बस केव्हाच पुढे निघून गेली होती.

संध्याकाळी उताराने घरी पोचल्यावर त्याने सायकल भिंतीकडे तोंड करून लावली.

"कशी चालली?"

"झकास!"

तिने त्याचा पाय स्टुलावर घेतला, गुडघा चहूबाजूंनी दाबून पाहिला. सूज नव्हती. तिचा चेहरा खुलला, आणि दारात आडवे पडलेले बूट उचलायला ती वाकली. मग तशीच थांबली. बूट उलटा केला. नाल उंदराने कुरतडल्यासारखे झाले होते.

"चालत गेलात?"

त्याने मान खाली घातली. "मोटर गेली. अर्ध्या चढावर. ती पट्टी लावायला हवी होती."

"आणि तुम्ही उतरलात?"

"उतरलो. हसा आता."

ती हसली नाही. बूट मांडीवर घेऊन तिथेच उंबऱ्याशी बसली. "वर्षभर रोज सकाळी मी थिएटरमध्ये उभी असायचे, हात कामात, आणि डोक्यात तुम्ही त्या चढावर. वाटायचं, हा माणूस मरेल, पण उतरायचा नाही."

तिने पर्समधून पट्टी काढून त्याच्या हातावर ठेवली. तो लगेच पाना आणायला उठला.

"आधी बसा," ती म्हणाली.

तो बसला.