सातवं काज

मास्तरांच्या शिवणाच्या दुकानात शिरलं की समोरच खुंटीवर एक कोट दिसायचा. करडा, गुडघ्यापर्यंत लांब, पुरुषी, सात बटणांचा. पुरुषाच्या कोटाची काजं डावीकडे असतात, याची उजवीकडे पडली होती. शिवण उसवता येते, कापलेलं काज उसवता येत नाही. सहा काजं झाल्यावर चूक ध्यानात आली आणि काजं करणाऱ्या बाईला मास्तरांनी त्याच दुपारी चारचौघांत हाकललं. कोट मात्र ठेवून घेतला. नवा कारागीर आला की त्याला कोटापुढे उभं करून म्हणायचे, "बघ, चित्त थाऱ्यावर नसलं की हे असं होतं."

माणूस चुकलं तर चार शब्द सुनवावेत, हवं तर आठ. पण त्याच्या चुकीसाठी खुंटी ठोकून प्रदर्शन मांडणाऱ्याला काय म्हणावं? काजवालीने त्याला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. तिने एकच ठरवलं होतं: तो कोट उतरला पाहिजे, आणि मास्तरांच्याच हातून.

पहिलं वर्ष नुसतं रडण्यात आणि शिव्याशाप देण्यात गेलं. मग तिच्या लक्षात आलं, शापांनी काज सरळ येत नाही. आणि खोटं कशाला बोला, तिचं चित्त तेव्हा खरंच दहा दिशांना असायचं. एक कान रेडिओकडे, दुसरा शेजारणीकडे, डोळे रस्त्यावर. तिने रेडिओ माळ्यावर टाकला. खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवली. एक काज झालं की सुई खाली ठेवायची, नीट बघायचं, मगच दुसरं. कापड हातात आलं की त्यावर तळवा ठेवून मोठ्याने विचारायचं, "डावं की उजवं?" मशीनवर बसलेली नणंद हसून बेजार व्हायची. लोक देवाचं नाव घेऊन उठतात, ही मास्तरांचं नाव दातांखाली चावत उठायची.

अकरा वर्षांत गावातले चांगले शिंपी तिच्या दारात रांग लावू लागले, मुली काजं शिकायला येऊ लागल्या. झोप शांत लागू लागली, निम्मी भांडणं आपोआप सुटली, जेवताना चव कळू लागली. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मास्तरांचे आभार मानावे लागले असते.

मास्तरही एव्हाना मोठे झाले होते. 'एक काम, एक चित्त' या विषयावर भाषणं देत फिरायचे, आणि कोट त्यांच्याबरोबर फिरायचा. एक दिवस पलीकडच्या गल्लीतल्या शिवणशाळेत त्यांचं भाषण लागलं. काजवालीने सुईदोऱ्याची डबी आणि आपल्या हातच्या काजांचा एक नमुना पिशवीत टाकला. नमुना कोटाशेजारी धरून सगळ्यांदेखत म्हणायचं, ती काजंही माझीच, हीसुद्धा माझीच.

"वहिनी, भांडू नकोस हं," नणंद म्हणाली.

"भांडायला वेळ कुणाला आहे? मला फक्त त्यांचं तोंड बघायचंय."

सभागृहात ती तिसऱ्या रांगेत बसली. मास्तरांनी तिला ओळखलं नाही. डाव्या हातात खडू धरून त्यांनी फळ्यावर मोठी रेघ मारली. ते लहानपणापासून डावरे. "हातातलं काम अर्धं टाकू नका," ते म्हणाले, आणि कोट मुलींच्या हाती फिरवायला दिला. "ही बाई आता कुठे भरकटली असेल कोण जाणे!" मुली खिदळल्या.

कोट तिसऱ्या रांगेत आला. सवयीने तिचा तळवा कापडावर पडला. डावं की उजवं? आणि तिला तो दिसला.

काज कुठे पाडायचं ते मास्तर स्वतः लाल दोऱ्याचा टाका घालून दाखवायचे. काज झालं की तो टाका काढून टाकायचा. सहा टाके तिने काढले होते. सातव्या जागेचा तसाच होता. उजवीकडे. आणि कलला होता उलटा, डाव्या हाताने घातल्यासारखा.

त्या दिवशी मास्तर ओरडले होते, "मी खुणा डावीकडे केल्या होत्या!" तिला काहीच आठवत नव्हतं, म्हणून तिने ते खरं मानलं होतं. न बघता कापलं ही तिची चूक, ती तिने गिळली असती. पण अकरा वर्षं!

ती उभी राहिली. "मास्तर, तुमच्याकडे खुणा कोण करतं?"

"मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

"मग हा टाका उजवीकडे कसा?"

मास्तरांनी चष्मा चढवला. कोटाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तू...?"

"मीच. तुम्हाला माहीत होतं?"

मास्तरांनी चष्मा उतरवला. "त्याच संध्याकाळी दिसला," ते पुटपुटले. "पण तोवर तुला हाकललं होतं ना."

संतापाने तिचे कान तापले. पण ती ओरडली नाही. मंचावर जाऊन मास्तरांच्या खुर्चीत बसली आणि कोट मांडीवर घेतला. "एक काज राहिलंय. काम अर्धं टाकू नये, आत्ताच म्हणालात. कात्री द्या."

त्यांनी निमूट दिली. तिने त्यांच्याच खुणेवर कापलं आणि सुई ओवली. पंधरा मिनिटं सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटची गाठ मारून लाल टाका काढून डबीत ठेवला, तेव्हा तिला भान आलं, ज्या तोंडासाठी अकरा वर्षं काढली ते तिने एकदाही वर मान करून पाहिलं नव्हतं! स्वतःच्या एकाग्रतेचा तिला असा राग कधी आला नव्हता. तिने वर बघितलं. मास्तर उभेच होते, मान खाली घालून. त्या दुपारी ती अशीच उभी होती. तिने पोटभर बघून घेतलं.

"घेऊन जा हा," मास्तर म्हणाले, आणि कोट स्वतःच्या हातांनी घडी घालून तिला दिला.

घरी आल्याबरोबर तिने मोठी कात्री काढली आणि कोटाचे तळहाताएवढे तुकडे केले.

"अगं, काय चाललंय हे?" नणंद धावत आली.

"शिकायला येणाऱ्या मुलींना सरावाला होतील."

सातव्या काजाचा तुकडा तेवढा तिने बाजूला ठेवला. काढलेला लाल दोरा त्या काजातून ओवून गाठ मारली आणि पाकिटात घालून नणंदेच्या हाती दिला.

"मास्तरांच्या दुकानात देऊन ये," ती म्हणाली. "म्हणावं, खुंटी रिकामी झालीय, टांगायला काहीतरी हवं."