बोटींच्या पानावरचा नॅव्ह

मित्रांनो, मी एक जुना नॅव्ह आहे, म्हणजे वेबपानावरची दुव्यांची, ‘नॅव्हिगेशन’ची चौकट. इलोइलो बंदराच्या धक्क्यावरून बेटावर जाणाऱ्या बोटींच्या वेबसाइटवर, अगदी माथ्यावर माझी जागा. वेळापत्रक, भाडे, सूचना अशा पाच वाटा माझ्या पोटात. ऑफिसातल्या क्लॅरिबेलने मला लिहिले, तेव्हा चौकटीला माझे नाव दिले. ज्याला दिसत नाही त्यालाही कळावे, की वाटा इथून फुटतात.

मानांग पुरिंग, म्हणजे आपली पुरिंगताई, धक्क्यावर मालीश करते. तिला दिसत नाही. तिच्या फोनमधला आवाज पान वाचून दाखवतो. माझ्यापाशी आला की तो म्हणे, ‘नॅव्हिगेशन, पाच दुवे’, आणि ती थेट सूचनांवर जाई. सगळा धक्का तिलाच विचारे.

“मानांग, दोनची बोट आहे का गं?”

“आहे. तोंड आवर आणि पळ.”

मग नवे साहेब आले. माझ्या जागी नुसत्या चित्रांच्या गुळगुळीत चौकटी बसल्या.

“सर, वाचणाऱ्या आवाजाला यांची नावं कळायची नाहीत,” क्लॅरिबेल म्हणाली.

“लोकांना डोळे आहेत ना?”

मी जुन्या फायलींत पडलो. तिथे मला काहीच वाटले नाही. वाईटसुद्धा.

एका सोमवारी पुरिंग ऑफिसात आली. आवाज न चढवता बोलू लागली.

“शनिवारी माझ्या लेकीचा, मायलेनचा बेटावरच्या शाळेत समारंभ होता. पदक आईनंच, नानायनंच लावायचं असतं. वारा होता, म्हणून सकाळी तीनदा तुमचं पान चाचपलं. फोन म्हणाला, चित्र, चित्र, चित्र. बाराला धक्क्यावर आले, तर एकची बोट अकरालाच सुटलेली. पुढच्या बंद.”

“सूचना लावली होती,” साहेब म्हणाले.

“लावली असेल.”

“मग पदक?” क्लॅरिबेलने विचारले.

“बाईंनी लावलं. काल पोरीनं ते काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, नानाय, तू लाव. टाचणी दोनदा चुकली. टोचलं का विचारलं, तर नाही म्हणाली. माझ्या बोटाला रक्त लागलं होतं.”

 क्लॅरिबेलने मला शोधून परत माथ्यावर बसवले.

पुरिंगचा फोन पुन्हा म्हणतो, ‘नॅव्हिगेशन, पाच दुवे’. ती ऐकते आणि लोकांना वेळा सांगते. शनिवारची ती बोट मात्र माझ्या कुठल्याच वाटेवर नाही.

मित्रांनो, कधी एखादे पान बनवाल, तर वाटेला तिचे नाव द्या. एवढेच सांगायचे होते.