गॉर्टलीनची हवेली कुणी जाळली

डर्व्हला मल्व्ही कित्येक वर्षं दर रविवारी रेडिओवर इतिहास सांगत होती आणि तितकीच वर्षं दोन्हीकडची बोलणी खात होती. डब्लिनच्या विद्यापीठातले प्राध्यापक म्हणायचे, "गप्पा मारणारी बाई, ही कसली इतिहासकार!" रेडिओवाले म्हणायचे, "बाई हुशार आहे हो, पण इतिहास ऐकतो कोण?" त्यात आता टियर्नी नावाचे नवे कार्यक्रमप्रमुख आले. त्यांनी सरळच सांगितलं, की एखाद्या गावातून तासभर थेट कार्यक्रम कर. लोक बोलले तर तुझा रविवार तुझा, नाहीतर त्या वेळेला नाचाची गाणी लावू.

तिने गॉर्टलीन निवडलं. आवाजाची यंत्रं सांभाळणाऱ्या फर्गलने कपाळावर हात मारला.

"अगं, दुसरं गाव मिळालं नाही? तिथल्या लोकांना पाऊस पडतोय का विचारलं, तरी 'कोण विचारतंय?' म्हणतात!"

"तिथली इंग्रज जमीनदाराची हवेली कुणी जाळली हे म्हाताऱ्यांना माहीत आहे," डर्व्हला म्हणाली. "कागदावर कुठेच नाही. ती माणसं गेली की संपलं सगळं."

"माहीत आहे म्हणूनच सांगणार नाहीत."

रविवारी प्रार्थना आटोपून अख्खं गाव चर्चच्या सभागृहात आलं. चहा आणि हॅमची सँडविचेस फुकट होती, येणार नाहीत तर काय! टियर्नी पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले. कार्यक्रम सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. डर्व्हलाने विचारलं, "स्वातंत्र्याच्या लढाईत ती हवेली कुणी पेटवली?"

कोणी खोकलं. पाद्रीबाबा छताकडे बघायला लागले.

"मी तेव्हा लहान होते बाई," एक म्हातारी म्हणाली.

"त्या रात्री वारा फार होता म्हणे," मागून एकजण बोलला. जणू वाऱ्यानेच काडी ओढली होती!

सगळा देश कान लावून बसलेला, आणि ऐकायला काय, तर कपबश्यांची किणकिण. टियर्नींनी घड्याळ पाहिलं. आपली एवढ्या वर्षांची मेहनत आज इथेच मातीत जाणार, असं डर्व्हलाला वाटलं. पण तीही अशाच गावात वाढली होती. ही माणसं खरं गिळून बसतील, पण आपलं श्रेय शेजारच्या गावाला? प्राण गेला तरी नाही.

"असू दे," ती अगदी गरिबासारखी म्हणाली. "माझ्या कानावर आलंय, की ते काम नदीपलीकडच्या ड्रमकीलच्या पोरांचं होतं."

झालं! खुर्च्या सरकल्या.

"ड्रमकील? त्यांना चूल पेटवायला आमच्याकडून विस्तव न्यावा लागायचा!"

"ती भित्री भागूबाईची जात!"

म्हातारा ह्युई गिलरेन काठी आपटत उठला. "तोंड सांभाळून बोल, बाई! मी होतो तिथे. सतरा वर्षांचा होतो. रॉकेलचा डबा माझ्या हातात होता!"

त्याची बायको डेलिया त्याच्याकडे बघतच राहिली. "जन्मभर तुझा संसार केला, आणि आधी रेडिओला सांगतोस?"

"तू कधी विचारलंस?"

"ड्रमकीलचं नाव घेऊन विचारायचं होतं का मेल्या!"

सभागृह हसून लोळलं. मग बांध फुटला, जो तो सांगू लागला. जमीनदारीणबाईने पोरांना आत येण्याआधी पाय पुसायला लावले आणि त्यांनी मुकाट्याने पुसले. तिला खुर्चीसकट उचलून बाहेर आणलं, अंगावर घोंगडी घातली, मगच काडी ओढली. वेळ संपत आली तसं फर्गलने टियर्नींकडे पाहिलं. टियर्नींनी हातानेच खुणावलं, की चालू दे, बातम्या थांबतील.

पण ह्युईचा आवाज आता खाली आला होता.

"इंग्रज सैनिक आले आणि त्यांनी मार्टी रोअनला भिंतीशी उभं करून गोळी घातली. तो आमच्यात नव्हताच. सगळे म्हणाले, तोच पुढारी होता. आम्ही म्हणू दिलं. आमचे जीव वाचले ना! मला लाज वाटते, देवाशप्पथ लाज वाटते."

मागच्या रांगेतून मार्टीची धाकटी बहीण ऊना उठली. पंचाहत्तरीला टेकलेली बाई, ताठ चालत आली. आता ही थोबाडीत देणार, असंच सगळ्यांना वाटलं. तिने मयताच्या घरी धरतात तसा ह्युईचा हात दोन्ही हातांत धरला.

"आई मरेपर्यंत सांगत होती, माझा मुलगा घरी झोपला होता म्हणून. लोक म्हणायचे, म्हातारीला दुःखाने वेड लागलंय."

डर्व्हला इतिहासकार ती इतिहासकारच. तिने माइक जवळ ओढला.

"एक सांगायलाच हवं. ड्रमकीलचं मी ऐकलं नव्हतं. ती माझी थाप होती. ड्रमकीलकरांनो, माफ करा."

"थाप मारलीस?" ह्युई ओरडला.

"मारली."

"बरं केलंस," ऊना म्हणाली. "आता खरं सांग. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग. माझ्या आईचं नाव होनोरा."

डर्व्हला सावकाश, एकेक शब्द मोकळा करत बोलली, "मार्टी रोअन त्या रात्री घरी झोपला होता. त्याची आई होनोरा रोअन खरं बोलत होती."

सगळं गाव उभं राहिलं. टियर्नीही राहिले. ऊनाने माइकवर हात ठेवला आणि म्हणाली, "ऐकलंस ना गं, आई?"