गटारात एक थेंबही नाही

दुधाच्या पाइपात बसवलेल्या वीतभर काचेसमोर तो एकोणीस वर्षं उभा होता, म्हणून डेअरीत सगळे त्याला काचमामा म्हणत. एक लॉट संपला की मागून पाणी सोडून पाइपातलं उरलंसुरलं दूध टाकीत ढकलायचं. काचेत पांढऱ्याचं निळसर झालं रे झालं, की टाकीचा व्हॉल्व्ह बंद, गटाराचा चालू. आधी फिरवला तर दूध गटारात, उशिरा फिरवला तर पाणी दुधात. तो क्षण मामाला नुसत्या नजरेने कळायचा.

मग नवे साहेब आले. साहेबांनी आजवर दूध कपाबाहेर पाहिलं नव्हतं, पण नासाडी या विषयात त्यांचा अभ्यास दांडगा. त्यांनी गटारावर मीटर बसवलं, ‘गटारात एक थेंबही नाही’ असा भिंतभर फलक लावला आणि नासाडी रोखायला एक समिती नेमली. समितीने रोज दोन तास वाया घालवायला सुरुवात केली.

“साहेब, मीटरला दूध काय नि पाणी काय, सारखंच,” मामाने सांगून पाहिलं.

“कारणं नकोत मामा. मीटर हललं, तर तुम्ही क्रेट धुवायला.”

मामा कमरेला पट्टा बांधून फिरणारा माणूस. ओले क्रेट उचलून त्याचा आठवडाही निघाला नसता. तो घाबरला. दुसऱ्या दिवशी त्याने गटाराच्या व्हॉल्व्हला हातच लावला नाही. काचेत निळसर आलं, मग नितळ आलं, सगळं टाकीत गेलं. साहेबांनी मीटरवरच्या शून्याचा फोटो काढला आणि मामाच्या पाठीवर कौतुकाची थाप मारली, नेमकी दुखऱ्या जागी.

दुपारी मामाची बायको आली. ती तिथल्याच प्रयोगशाळेत दूध तपासायची.

“टाकीत पाणी आहे. तुमचंच ना?”

“नापास लिहिलंस तर मी क्रेटवर जाईन.”

“आणि पास लिहिलं तर ते लोकांची पोरं पितील. मी लिहून आलेय.”

दहा हजार लिटर बाद झालं. साहेब डगमगले नाहीत. त्यांनी टँकर मागवला आणि सगळं दूध कुंपणाबाहेरच्या खड्ड्यात ओतायला लावलं. मीटर अर्थातच कुंपणाच्या आत होतं. नळ सोडायला भरवशाचा माणूस हवा, म्हणून मामालाच पाठवलं. तासभर तो पांढरी धार बघत उभा राहिला. साहेबांचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

“शून्य टिकलं, मामा,” तो परतल्यावर साहेब खुशीत म्हणाले. “आता ही पद्धत दुसऱ्या पाळीलाही शिकवा.”

मामाने दुसऱ्या पाळीच्या माणसाला काचेसमोर उभं केलं. साहेबही कौतुकाने बघायला थांबले. पाणी सोडलं. काचेतलं पांढरं विरळ होत गेलं, निळसर झालं, आणि मामाने टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून गटाराचा उघडला. मीटरचा काटा पळू लागला. साहेबांचा चेहरा उतरला.

“हा रंग नीट बघून ठेव,” मामा त्या माणसाला म्हणाला. “उद्या मी इथे नसेन.”