लाल चिंधी

हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकायचं आणि बर्फ सरला की त्याच मिठानं खाल्लेल्या गाड्या दुरुस्त करत बसायचं, ही मिशिगनच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या माणसांची वर्षानुवर्षांची रीत. मिठानं बर्फ विरघळतो खरा, पण त्याच्यापाठोपाठ लोखंडही विरघळतं.

एल्डन केतोलाच्या घरी त्या एप्रिलात तेच झालं. त्याच्या बायकोची, मार्लीसची, गाडी पुढून एका अंगाला कलली. खड्ड्यातून गेली की खालून ठण्ण आवाज येई.

"म्हातारी झाली रे माझ्यासारखी. गुडघे गेले तिचे," मार्लीस म्हणाली.

"तुझे बदलता येत नाहीत. हिचे येतात," एल्डन म्हणाला, आणि गाडीखाली शिरला. पुढची एक स्प्रिंग गंजून तुटली होती. दोन्ही शॉकअब्सॉर्बरमधून तेल गळत होतं.

असल्या कामासाठी मेकॅनिककडे गाडी देणारा माणूस त्या गावात एक तर आजारी समजला जातो, नाहीतर नवखा. जॅक, पाने, हातोडा सगळं घरोघरी असतं. फक्त एक हत्यार कुणी घरात ठेवत नाही, ते म्हणजे स्प्रिंग दाबून धरायचा शिकंजा. दोन लांब आटेदार सळ्या, त्यांना आकडे. ते स्प्रिंगच्या दोन बाजूंना अडकवून आवळत जायचं, म्हणजे स्प्रिंग आखडते आणि शॉकअब्सॉर्बरवरून सुटते. आखडलेल्या स्प्रिंगमध्ये लाथ उगारलेल्या घोड्याचा जोर असतो, आणि त्या जोराला बांधून ठेवणारे असतात ते फक्त सळीवरचे आटे.

हा शिकंजा गावाच्या सामाईक कपाटात असे. अग्निशमनाच्या बंबाशेजारच्या खोलीत ते कपाट, आणि त्याची किल्ली हेल्मी निएमी या म्हाताऱ्या बाईकडे. नियम साधा होता. न्या, वापरा, पुसून परत टांगा. काही मोडलं तर दाराशी ठेवलेल्या डब्यातली लाल चिंधी त्याला बांधा. कुणी मोडलं ते विचारायचं नाही.

"हातानं फिरव हं, एल्डन," शिकंजा देताना हेल्मी म्हणाली. "बॅटरीचा पाना लावू नकोस. आटे जातात."

"हे मला शिकवतेस?"

"लाकूडफोड्या विसरले नाहीये मी अजून."

ते दोन हिवाळ्यांपूर्वीचं. लाकूड फोडायचं यंत्र एल्डनच्या उतावळेपणानं मोडलं होतं. त्यानं इमानानं चिंधी बांधली. नाव कुणी विचारलं नाही, पण शेवटचं कुणी नेलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मग शेजारच्या खोलीत कॉफीला बसणाऱ्या मंडळींना हिवाळाभर विषय पुरला. तो दारातून शिरला की कुणीतरी म्हणायचं, "एल्डन आला, खुर्च्या लपवा रे!" तोही हसायचा. घरी येऊन मात्र गप्प बसायचा.

पहिली बाजू त्यानं हातानंच केली. सावकाश, या सळीला थोडं, त्या सळीला थोडं. दुसऱ्या बाजूचं काम चालू असताना गावालगतच्या सरोवरावरून गारठा आला, भुरभुर सुरू झाली, बोटं बधिरली. फळीवर बॅटरीचा पाना होता. हात त्याच्याकडे गेला. घर्रर्र! काम कसं झटक्यात झालं. सोडवताना एक सळी थरथरली, तेव्हा त्यानं पाहिलं. मधले आटे चपटे झाले होते आणि आकडा किंचित उघडला होता.

पण गाडी सरळ उभी राहिली. मार्लीस गावाला फेरी मारून आली आणि म्हणाली, "पाळण्यात बसल्यासारखं वाटतंय."

एल्डननं त्या सळ्यांना तेल लावलं. पुसल्या, पुन्हा तेल लावलं, पुन्हा पुसल्या. नव्या असतानाही त्या इतक्या चमकल्या नसतील. मग तो कपाटापाशी गेला. चिंध्यांच्या डब्यात त्याचा हात गेलासुद्धा. तेवढ्यात शेजारच्या खोलीत कसल्या तरी गोष्टीवर सगळे खदखदून हसले. त्याच्याबद्दल नसेलही ते, पण हात रिकामा बाहेर आला. 'एवढ्यात कोण नेतंय,' तो मनाशी म्हणाला. 'पुढच्या आठवड्यात नवीन आणून गुपचूप टांगू.' आणि चकचकीत शिकंजा त्यानं खुंटीला लावला.

पुढचा आठवडा आला आणि गेला. मार्लीसची गाडी खड्ड्यांवरून आता हूं की चूं करत नव्हती. आधी गाडी ठणठणत होती, आता तो आतून ठणठणत होता. रात्रीचं जेवण तोंडात फिरे. मार्लीस काही विचारू लागली की तो उठून लाकडं आणायला जाई. लाकडांचा ढीग खिडकीपर्यंत आला.

शनिवारी दुपारी सौना तापला. घरामागची ती लाकडी खोली म्हणजे तिकडच्या लोकांचं वाफेचं न्हाणीघर आणि अर्धं देऊळ. तिथे देवळात बसावं तसं बसायचं, भांडायचं नाही, खोटं बोलायचं नाही, हे मुलं चालायला लागायच्या आधी शिकतात.

मार्लीसनं तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ उठली.

"क्रिस्टाची गाडीपण पुढून बसली म्हणे," ती म्हणाली. क्रिस्टा माकी त्यांच्या घरापलीकडे राहायची, शाळेची बस चालवायची. "हेल्मीकडून शिकंजा घेऊन गेली मघाशी. आजच करते म्हणाली."

एल्डननं पंचा तोंडावर ओढला.

"काय रे? गप्प का झालास?"

"वाफ जास्त झाली."

शब्द तोंडातून गेला आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं. या खोलीत त्याच्या बापानंही कधी खोटं सांगितलं नव्हतं. घाम डोळ्यांत उतरत होता, आणि तो घाम नुसता उष्णतेचा नव्हता.

"त्याचे आटे गेलेत," तो म्हणाला. "मीच घालवले."

"चिंधी बांधलीस?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. मार्लीसनं पळी खाली ठेवली.

"मग इथे काय बसलायस?"

ओल्या अंगावर शर्ट, मोज्यांवाचून पायांत बूट. मार्लीस मागे फोन लावत होती, पण ग्रीसनं माखलेल्या हातांनी कोण फोन उचलतं? तो चिखलातून धावत निघाला. थंड हवेत त्याच्या अंगातून वाफा निघत होत्या.

क्रिस्टा गॅरेजात गुडघ्यांवर बसली होती. पुढ्यात स्प्रिंग, तिच्यावर शिकंजा, आणि बरोबर वर झुकलेलं तिचं तोंड. ती हातानं फिरवत होती, सावकाश, जसं करावं तसंच.

"थांब! क्रिस्टा, हात काढ!"

ती दचकून वळली. "सौना टाकून आलास? आग लागली का कुठे?"

"मागे हो. आधी मागे हो. तोंड तिकडे कर."

त्याच्या आवाजात असं काहीतरी होतं की ती पुढे न विचारता सरकली. सळी कुरकुरली. मग आटे सुटले. स्प्रिंग उसळली, भिंतीची फळी फोडून परत आली आणि जमिनीवर गरगरत निजली. मघाशी जिथे क्रिस्टाचं तोंड होतं तिथे आता नुसती हवा होती. रेडिओवर कुणीतरी उद्याचं हवामान सांगत होतं.

क्रिस्टानं वाकडी झालेली सळी उचलून पाहिली.

"इतका चकचकीत होता रे तो. नेताना हेल्मीला म्हटलंसुद्धा, ज्यानं शेवटचा वापरला तो वस्तूची किती काळजी घेणारा माणूस असेल."

"तो मीच."

"कळलं मला."

शिवी दिली असती तर त्यानं ती झेलली असती. हे मात्र थेट काळजात रुतलं.

"तुझी गाडी मी करून देतो," तो म्हणाला.

"आज नको. आज तू घरी जा, एल्डन."

तो घरी गेला नाही. वाकडी सळी घेऊन हेल्मीकडे गेला. सगळं ऐकून तिनं त्याच्यापुढे कॉफी ठेवली, वेलदोड्याच्या पावाचा तुकडा ठेवला. त्यानं हात लावला नाही.

"नवीन आणून देतो मी."

"देशीलच. ते कुठे विचारतेय? चिंधी का नाही बांधलीस?"

"तुम्ही सगळे हसता," तो म्हणाला. साठीचा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा म्हणाला.

हेल्मीनं आपला कप खाली ठेवला. मग तिची आजी म्हणायची ते जुनं गाणं तिनं हलक्या आवाजात म्हटलं:

"भेगाळलं भांडं, झाकून ठेविलं,
तान्हेल्या पाव्हण्याच्या, हातात फुटलं."

"सरोवरावर बर्फ पातळ असला," ती पुढे म्हणाली, "की आपण तिथे झाडाची फांदी रोवतो. ज्याचा पाय तिथे गेला, तोच रोवतो. त्याला कुणी वेंधळा म्हणतं का? मागून येणारा वाचतो, एवढंच बघतात. चिंधी म्हणजे तीच फांदी, पोरा. ती तू आपल्या नावाची पाटी समजलास."

"हो."

"आणि तसं समजायला तुला आम्हीच शिकवलं. त्या हसण्याचं म्हणशील, तर ती आमची मोडलेली वस्तू. तिला चिंधी मी बांधते."

सोमवारी कॉफीच्या वेळी एल्डन खोलीत आला. सगळ्यांसमोर वाकड्या सळीला लाल चिंधी बांधली आणि काय झालं, काय होणार होतं, ते सांगितलं. कोपऱ्यातून कुणीतरी "खुर्च्या" एवढंच म्हणालं. हेल्मीनं नुसतं तिकडे पाहिलं, आणि पुढचे शब्द त्याच्या कॉफीत बुडाले.

आणि मग एक नवल झालं. दुसऱ्या दिवशी कपाटातल्या शिडीला चिंधी दिसली. तिची एक पायरी कधीची तडकली होती. मग एका जॅकला, मग साखळीच्या करवतीला. कुणी केव्हा बांधल्या, कुणी विचारलं नाही. त्या मुलखात मेपलच्या झाडांना पानांच्या आधी तांबडी फुलं येतात, तसं ते कपाट फुललं. डब्यातल्या चिंध्या संपल्या, तेव्हा एल्डननं आपला जुना लाल शर्ट फाडून दिला.

वाचकहो, अशी सामाईक कपाटं आपल्याकडेही आहेत. सोसायटीची लिफ्ट, शाळेतला झोपाळा, शेजाऱ्याकडून आणलेली शिडी. वस्तू पुसून परत ठेवणं ही सभ्यता झाली. ती आपल्या हातून बिघडली हे सांगणं हा शेजारधर्म. आणि सांगायला आलेल्या माणसाला आपण हसलो, तर पुढची भेग झाकणारे हात आपणच घडवलेले असतात.

नवा शिकंजा आला त्या दिवशी क्रिस्टाच तो घ्यायला आली. तिनं एकेका आट्यावरून नख फिरवून पाहिलं. पार शेवटपर्यंत. एल्डन दारात उभा राहून ते बघत होता, आणि तिनं असंच पाहावं, असं त्याला वाटत होतं.

मग ती न वळताच म्हणाली, "पलीकडची बाजू धरशील का? हातानं फिरवायचंय."

"हातानंच," तो म्हणाला.